घरची वीज (लेखांक ६) : दिवा बंद, होल्डर जिवंत

मागच्या आठवड्यात आपण मीटरपासून एमसीबीपर्यंत आलो. आज तिथून थेट बाथरूममध्ये शिरू. घरात सगळ्यांत जास्त कुरकुरणारा दिवा तिथलाच, आणि त्याच्याशी खटपट करताना पायाखाली ओलही तिथेच.

वीजकेंद्राची वसाहत असलेल्या ऊर्जानगरच्या वाचकांपुढे विजेची शिस्त सांगणं म्हणजे आगाऊपणाच. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्रातला पहिला संच १९८३ सालचा. आज २१० मेगावॅटचे दोन आणि ५०० चे पाच मिळून क्षमता २९२० मेगावॅट. तिथे एखाद्या मोटरला हात लावायचा तरी आधी परमिट निघतं, पुरवठा तोडला जातो, पाटी अडकवली जाते, वीज खरोखर गेली का ते तपासलं जातं. पण ड्यूटी संपवून घरी आलेला माणूस मात्र ओल्या फरशीवर स्टूल ठेवतो, नुसतं बटण बंद करतो आणि होल्डरमध्ये बोटं घालतो. बटण बंद म्हणजे वीज बंद, ही समजूत बाथरूमपुरती तरी टाकून द्यायला हवी.

बटण फेजच्या तारेवर असायला हवं. जुन्या किंवा घाईत केलेल्या वायरिंगमध्ये ते कधीकधी न्यूट्रलवर बसवलेलं सापडतं. दिवा लागतो, विझतो, कोणाला काही कळत नाही. बटण बंद केलं की तुटतो तो न्यूट्रल. फेज होल्डरपर्यंत येऊन तशीच उभी असते. ६० वॅटच्या पिवळ्या बल्बच्या काळात ही चूक वर्षानुवर्षं झाकून राहायची, कारण बटण बंद असतानाही झिरपणाऱ्या बारीक प्रवाहाने त्याची तार तापतच नसे. एलईडीने ती उघडी पाडली. रात्री बटण बंद केल्यावरही बल्ब मिणमिणत असेल, नाहीतर थांबून थांबून लुकलुकत असेल, तर ‘बल्बच खराब निघाला’ म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. आधी बटणात छोटा लाल इंडिकेटर आहे का बघा. त्यातून झिरपणारा प्रवाहही हेच करतो. तो नसेल, तर बटण न्यूट्रलवर असल्याचा संशय घ्या आणि वायरमनकडून तारा अदलाबदल करून घ्या.

आता दिवा मुळीच लागत नाही तेव्हा. आधी एक्झॉस्ट फॅन फिरतोय का पाहा. दोन्ही बंद असतील तर दोष बहुधा बोर्डात किंवा एमसीबीत. फक्त दिवाच बंद असेल तर दुसऱ्या खोलीतला चालू बल्ब तिथे लावून बघा. तोही लागला नाही, की संशय होल्डरवर.

आता एमसीबी पाडा आणि टेस्टर घ्या. टेस्टरही आधी चालू पॉइंटवर लावून बघायचा, मग होल्डरवर, मग पुन्हा चालू पॉइंटवर. टेस्टरच मेलेला असेल तर तो जिवंत तारेवरही गप्प बसतो. त्याची दुसरी खोड जास्त फसवी. वीज चालू आहे, बल्ब लावलेला आहे, आणि होल्डरच्या दोन्ही स्क्रूंवर टेस्टर पेटतो. घरातले म्हणतात, ‘दोन्हीकडे करंट आहे, मग लागत का नाही?’ खरं तर न्यूट्रल कुठेतरी तुटलेला असतो. फेजच बल्बमधून पलीकडे येऊन उभी राहते. ही चालू विजेवरची तपासणी मात्र बाथरूममध्ये स्वतः करू नका, वायरमनला करू द्या.

पुरवठा बंद करून होल्डर उघडला की बहुतेक वेळा कारण समोर दिसतं. हिवाळ्यात गीझरच्या गरम पाण्याची वाफ छतापर्यंत चढते, पावसाळ्यात भिंतीला ओल धरते. पितळी स्क्रूवर हिरवट कळंक चढतो, जोड सैल होतो, सैल जोड तापतो, तापलेल्या पिनेची स्प्रिंग दबकी होऊन बसते. कळंक घासून, तारेचं टोक नव्याने सोलून स्क्रू आवळला तर काम भागतं. पण बेकलाइट काळं पडलं असेल तर होल्डर फेकाच. त्या काळ्या थरातून वीज वाहते आणि तो खरवडून पुरता जात नाही. नवीन बसवताना वरून येणारी तार भिंतीबाहेरून असेल तर तिला होल्डरच्या खाली उतरेल एवढा झोल द्या. तारेवरून ओघळणारं पाणी झोलाच्या टोकाशी ठिबकतं, आत शिरत नाही.

काचेच्या बंद घुमटात एलईडी लवकर जातो, ही तक्रार आमच्याकडे नेहमीची. चंद्रपूरचा उन्हाळा, वरच्या मजल्याचा तापलेला स्लॅब आणि हवा न खेळणारा घुमट. आतल्या सर्किटमधला कपॅसिटर शिजून निघतो. बाथरूमसाठी आयपी-४४ किंवा आयपी-६५ छापलेलीच फिटिंग घ्या. त्यातला दुसरा आकडा पाण्याचा : ४ म्हणजे चहूबाजूंचे शिंतोडे सोसणारी, ५ म्हणजे पाण्याचा झोत सोसणारी.

दिवा लावताच आरसीसीबी पडत असेल तर तिला नावं ठेवू नका. फेजने गेलेला प्रवाह न्यूट्रलने तेवढाच परतला नाही, फरक ३० मिलिअँपिअरच्या घरात गेला, की ती पुरवठा तोडते. ओल्या फिटिंगमधून वीज अर्थिंगकडे झिरपते आहे, एवढंच ती सांगत असते. एमसीबी हे काम करू शकत नाही. दिव्यांसाठीची ६ अँपिअरची एमसीबी माणसाला लागलेल्या शॉकने पडत नाही. तिच्या हिशेबी तो प्रवाह नगण्य असतो. आरसीसीबी सारखी पडते म्हणून ती काढून थेट तार जोडणारे कारागीर आहेत. अशा माणसाला पुन्हा घरात घेऊ नये.

पुढच्या आठवड्यात अर्थिंग आणि आपला कूलर. तोवर एक करा : आरसीसीबीवरचं ‘टेस्ट’ लिहिलेलं बटण दाबून बघा. खटका पडला नाही, तर ती लगेच बदलून घ्या.