स्टेशनपासून वस्तीपर्यंत : चाळीसगावचा टांगा आणि आजची एसटी

1929 सालची गोष्ट आहे. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब फिरत होते. धुळ्याकडच्या एका गावात आपल्या लोकांवर बहिष्कार घातला होता, त्याची माहिती घेऊन ते परत चाळीसगावला उतरले. थेट मुंबई गाठायची होती, पण चाळीसगावच्या लोकांनी एक रात्र मुक्कामाचा आग्रह धरला. महारवाडा स्टेशनपासून सुमारे दोन मैलांवर, नदीच्या पलीकडे. स्टेशनबाहेर टांगे भरपूर उभे होते. तरीही बाबासाहेबांना तासभर थांबावे लागले.

कारण एकही टांगेवाला त्यांना घेऊन जायला तयार नव्हता. महार माणसाला बसवून टांगा हाकणे त्यांना कमीपणाचे वाटत होते. शेवटी तोडगा निघाला तो असा : टांगा भाड्याने देऊ, पण हाकणार नाही. मग आपल्याच लोकांपैकी एकाने लगाम हातात घेतला. त्याला टांगा हाकण्याची सवय नव्हती. नदीवरच्या मोरीला कठडा नव्हता, कडेला अंतराअंतरावर नुसते दगड रोवलेले होते. घोडा उधळला, चाक दगडावर आदळले, बाबासाहेब खाली फरशीवर फेकले गेले आणि घोड्यासकट टांगा नदीत पडला. त्यांच्या पायाचे हाड मोडले. हा सगळा प्रसंग त्यांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहून ठेवला आहे.

आपण हा प्रसंग जातीच्या क्रौर्याचे उदाहरण म्हणून सांगतो आणि ते बरोबरच आहे. पण वस्त्यांमध्ये काम करायला लागल्यापासून मला त्यात आणखी एक गोष्ट दिसू लागली. आगगाडीने बाबासाहेबांना चाळीसगावपर्यंत आणून सोडले. अपघात झाला तो शेवटच्या दोन मैलांत. वस्ती गावापासून लांब, वाहन दुसऱ्याच्या मर्जीवर आणि वाटेतली मोरी निष्काळजीपणे बांधलेली. यातली एक गोष्ट जरी वेगळी असती, तरी कदाचित तो पाय मोडला नसता.

हे तिन्ही प्रश्न आज आपल्या भागात कसे दिसतात ते पाहू.

धरणगाव रेल्वेच्या नकाशावर आहे. उधना-जळगाव मार्गाचे दुहेरीकरण आणि विद्युतीकरण पूर्ण होऊन फेब्रुवारी 2019 मध्ये त्याचे लोकार्पण झाले. सुरत-नागपूर महामार्ग (जुना 6, आताचा 53) तालुक्यातून जातो, पण शहरातून नाही, तो पाळधीवरून जातो. विद्यापीठ म्हणाल तर तेही जवळच, बांभोरीला गिरणेच्या काठी, आणि बांभोरी आपल्याच तालुक्यातले गाव. कागदावर पाहिले तर आपल्या मुलांना काय कमी आहे असे वाटावे. पण ज्या घरात मोटारसायकल नाही, त्या घरातल्या मुलीच्या बाजूने नकाशा वाचा. तिला आधी वस्तीतून फाट्यापर्यंत चालायचे, तिथे एसटी किंवा काळीपिवळीची वाट पाहायची, मग पुढे महामार्ग ओलांडायचा. रस्ता चौपदरी झाला की गाड्यांचा वेग वाढतो आणि मध्ये दुभाजक येतो. गाडीवाल्याचा वेळ वाचतो, चालणाऱ्याला मात्र पलीकडच्या थांब्यावर जाण्यासाठी लांब वळसा पडतो. वळसा नको म्हणून माणसे दुभाजकावरून उड्या मारतात आणि आपण त्यांना बेशिस्त म्हणतो. बालकवी ठोंबरे मूळचे धरणगावचे. 5 मे 1918 रोजी भादली स्टेशनजवळ रूळ ओलांडताना ते आगगाडीखाली गेले. शंभर वर्षे उलटली तरी पायी चालणाऱ्याने कुठून ओलांडायचे, हा विचार आपल्याकडे अजून सर्वांत शेवटी होतो.

पायी चालणारे थोडे आहेत म्हणून असे होते का? 2011 च्या जनगणनेत कामावर जाण्याचे साधन कोणते, हे विचारले होते. देशात शेती व घरगुती उद्योग सोडून इतर काम करणाऱ्यांपैकी एक तृतीयांशाहून जास्त लोक पायी किंवा सायकलने जात होते. मोटारीने जाणारे शंभरात तीनसुद्धा नव्हते. पण रस्ते रुंद करण्याची चर्चा त्या तिघांच्या सोयीने चालते.

इथे निधीचे गणित समजून घ्यावे लागेल. नागरी दलित वस्ती सुधार योजनेसारख्या योजनांतून (डिसेंबर 2020 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, त्यानंतर अशा योजनांची नावेही बदलली) वस्तीत काँक्रीटचा रस्ता, गटार, दिवे होतात. ही कामे हवीच आहेत. पण मी पाहिलेल्या अनेक ठिकाणी काँक्रीट वस्तीच्या शेवटच्या घरापाशी संपते. तिथून शाळा, दवाखाना, बसस्थानक यांच्याकडे जाणारा तुकडा ‘सर्वसाधारण’ निधीत मोडतो आणि त्या यादीत आपला नंबर लागत नाही. म्हणजे वस्ती आतून चकाचक आणि गावाशी जोडणारी वाट पावसाळ्यात चिखलाची. आपले नगरसेवकही आतल्या रस्त्याच्या उद्घाटनावर समाधान मानतात, हे कटू वाटले तरी बोलायला हवे.

दुसरा मुद्दा वाहनाचा. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत शाळेत जाण्यासाठी एसटीचा अहिल्याबाई होळकर योजनेतला पास मोफत आहे. इतर विद्यार्थ्यांना पासात 66.67 टक्के सवलत. 17 मार्च 2023 पासून सर्व महिलांना निम्मे तिकीट. हे मोठे हक्क आहेत. पण पास म्हणजे गाडी नव्हे. शाळा सुटण्याच्या वेळेला फेरीच नसेल, तर मोफत पासाचे मूल्य शून्य. काळीपिवळीत पास चालत नाही. 2021-22 च्या लांबलेल्या संपात हे आपण अनुभवले आहे. मुलाला कसेही करून पाठवतात, मुलीला ‘दोन दिवस राहू दे’ म्हणतात आणि ते दोन दिवस कधीकधी कायमचे होतात.

1955 मध्ये अमेरिकेत माँटगोमेरी शहरातल्या कृष्णवर्णीयांनी बसवर 381 दिवस बहिष्कार टाकला, तेव्हा त्यांनी आपापसांत मोटारी वाटून घेऊन लोकांना कामावर पोहोचवले. चाळीसगावला आपल्या लोकांनी लगाम हाती घेतला, त्यामागचा स्वाभिमानही तोच होता. पण स्वाभिमानाने वेळ निभावली तरी मोरीला कठडा बसत नाही. तो बसवणे हे नगरपालिकेचे आणि सरकारचे काम आहे.

ते करून घेण्याच्या जागा कायद्यात आहेत. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 नुसार शहराचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला की 30 दिवसांत कोणीही नागरिक लेखी हरकत किंवा सूचना देऊ शकतो, आणि त्यावर नियोजन समितीपुढे सुनावणी होते. व्यापारी, बिल्डर या 30 दिवसांची वाट पाहत बसलेले असतात. आपल्याला बऱ्याचदा कळते तेव्हा घरावर रस्तारुंदीची रेघ आलेली असते. हरकत लिहिताना नुसते ‘अन्याय झाला’ लिहू नका. गट क्रमांक लिहा, वस्तीपासून शाळेपर्यंतचे अंतर लिहा, कुठे पदपथ हवा, कुठे ओलांडण्याची जागा हवी ते नकाशावर दाखवा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या सूचनांमध्ये चालण्यासाठी किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही वापरण्याजोगे पदपथ हा घटनेच्या कलम 21 खालचा हक्क असल्याचे म्हटले आहे. हे अर्जात लिहा.

फेरीसाठी अर्ज आगारप्रमुखांकडे द्यावा लागतो. आपल्या गावाची गाडी एरंडोल, अमळनेर, चोपडा, जळगाव यांपैकी नेमक्या कोणत्या आगाराची, हे आधी शोधा. सोबत मुख्याध्यापकांचे पत्र, ग्रामसभेचा ठराव आणि पासधारक मुलामुलींची नावनिशीवार यादी जोडा. तोंडी मागणीला ‘प्रवासी मिळत नाहीत’ हे उत्तर ठरलेले आहे. यादी पाहिल्यावर ते उत्तर देणे अवघड जाते.

गेल्या पावसाळ्यात एका वस्तीतल्या आठवी ते बारावीच्या मुलींनी रविवारी विहारात बसून अशी यादी तयार केली. कोण किती वाजता निघते, फाट्यावर किती वेळ थांबते, कोणत्या दिवशी गाडी आलीच नाही, हे त्यांनी महिनाभर वहीत टिपले होते. अर्ज दिला, पोच घेतली. संध्याकाळच्या फेरीची वेळ अर्ध्या तासाने पुढे गेली. सकाळच्या फेरीचे अजून काही झालेले नाही. वही चालू आहे.