तुझा कट-ऑफ किती?

मे महिन्यात तंजावरात बारावीच्या मुलाला ‘किती टक्के पडले?’ असं सहसा कोणी विचारत नाही. ‘कट-ऑफ किती?’ असं विचारतात. आपल्याकडे कट-ऑफ कॉलेजचा असतो, तिथे तो मुलाचा असतो. या एका शब्दात तमिळनाडूतल्या प्रवेशाची निम्मी रीत सामावलेली आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

अभियांत्रिकीसाठी तमिळनाडूत राज्याची प्रवेश परीक्षा नाही. २००६ साली कायदा करून ती काढून टाकण्यात आली. शहरातल्या शिकवण्या ज्यांना परवडत नाहीत त्या खेड्यातल्या मुलांवर ही परीक्षा अन्याय करते, ही त्यामागची भूमिका. तेव्हापासून प्लस टूचे, म्हणजे बारावीचे गुण हाच आधार. त्यातही सगळे विषय मोजत नाहीत. गणिताचे गुण पूर्ण धरायचे, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे निम्मे करायचे आणि तिन्हींची बेरीज करायची. गणितात ९६, भौतिकात ९२, रसायनात ९० असतील तर ९६ अधिक ४६ अधिक ४५, म्हणजे कट-ऑफ २०० पैकी १८७. तमिळमध्ये पैकीच्या पैकी मिळाले तरी इथे त्याचा उपयोग नाही. गणितातला एक गुण मात्र भौतिकातल्या दोन गुणांइतका. अकरावीतच हे उमगलेलं मूल अभ्यासाचे तास वेगळे वाटतं.

बोर्ड वेगळं असेल तर गुण एका पातळीवर आणले जातात. दोन्ही बोर्डांतले त्या विषयातले सर्वाधिक गुण समान धरतात. समजा, राज्य बोर्डात भौतिकात कुणाला तरी १०० पडले आणि दुसऱ्या बोर्डात सर्वांत जास्त ९६. मग त्या दुसऱ्या बोर्डातल्या ७२ गुणांचे इथे ७५ होतात.

एकाच कट-ऑफवर पुष्कळ मुलं येतात. मग आधी गणित पाहतात, त्यानंतर भौतिक, असं करत करत जन्मतारखेपर्यंत जातात; वयाने मोठ्याला पुढचा नंबर. तरीही बरोबरी सुटली नाही तर संगणकाने प्रत्येक अर्जदाराला दिलेला यादृच्छिक क्रमांक निर्णय देतो. बारा वर्षांच्या शाळेनंतर कुणाचा तरी नंबर अशा आकड्यावर ठरावा, याचं मला वाईट वाटतं. पण कुठेतरी रेघ ओढावीच लागते आणि निदान या रेघेला कुणाची ओळख चालत नाही.

आता तंजावरहून तिरुचीच्या बसमध्ये बसू. तासाभराच्या या रस्त्यावर तीन संस्था लागतात आणि तिन्हींचं माप वेगळं आहे. वल्लम गेलं की तिरुमलैसमुद्रमला शास्त्र विद्यापीठ. १९८४ साली सुरू झालेलं हे अभिमत विद्यापीठ. इथल्या काही जागा जेईई मेन आणि बारावी यांच्या एकत्र गुणांवर भरतात, काही निव्वळ बारावीच्या गुणांवर. तंजावर आणि तिरुचिरापल्ली जिल्ह्यांतल्या मुलांसाठी वेगळ्या जागा राखलेल्या असतात. पुढे सेंगिपट्टीला सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय, तिथे वर सांगितलेला कट-ऑफ चालतो. त्याच्याही पुढे तुवाकुडीला तिरुचीचं एनआयटी. तिथे जेईई मेनचा क्रमांकच लागतो. बारावीला ७५ टक्के, किंवा आपल्या बोर्डातल्या वरच्या वीस टक्क्यांत असणं ही फक्त पात्रता. ती ओलांडली की बारावीचे गुण मागे पडतात. निम्म्या जागा तमिळनाडूच्या मुलांसाठी असतात. खुद्द तंजावरात, पुदुक्कोट्टै रस्त्यावर, अन्नप्रक्रिया शिकवणारी निफ्टेम ही केंद्रीय संस्था आहे. भाताच्या प्रक्रियेवरच्या संशोधनातून ती वाढली आणि तिथल्या बी.टेक.लाही जेईई मेन लागते.

म्हणून तंजावरातल्या हुशार मुलाचं वर्ष असं जातं: जानेवारीत जेईईची पहिली फेरी, मार्चमध्ये बोर्ड, एप्रिलमध्ये जेईईची दुसरी फेरी आणि डॉक्टर व्हायचं असेल तर मे महिन्यात नीट.

नीटची गोष्ट वेगळी आणि दुखरी आहे. सरफोजी राजांनी जिथे धन्वंतरी महाल उभारला, त्या तंजावरात आज सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. पूर्वी तिथला प्रवेशही कट-ऑफवर होई; गणिताच्या जागी जीवशास्त्र, एवढाच फरक. २०१७ पासून राज्याच्या जागांनाही नीट लागू झाली. कोल्लिडम नदीपलीकडच्या अरियलूर जिल्ह्यातली अनिता त्या वर्षी बारावीला १२०० पैकी १,१७६ गुण मिळवून बसली होती. जुन्या रीतीने तिचा वैद्यकीय कट-ऑफ १९६.७५ होता. नीटमध्ये तिचा निभाव लागला नाही. ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि त्या सप्टेंबरात तिने जीव दिला. पुढे २०२० साली राज्याने सहावी ते बारावी सरकारी शाळेत शिकून नीट उत्तीर्ण झालेल्या मुलांना वैद्यकीयच्या साडेसात टक्के जागा राखून ठेवल्या. २०२१ मध्ये हीच सवलत अभियांत्रिकीलाही मिळाली आणि त्या मुलांची फी सरकार भरू लागलं. माझ्या मते या सगळ्या रचनेतला हा सर्वांत न्याय्य निर्णय आहे.

सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातल्या १५ टक्के जागा देशभरच्या मुलांसाठी असतात, म्हणजे नांदेडचा विद्यार्थीही तंजावर मागू शकतो. उरलेल्या राज्याच्या. इथे ‘राज्याचा’ कोण, हे कागद ठरवतात, भाषा नव्हे. व्यंकोजी राजांच्या काळापासून तिथे नांदणारी मराठी घरं तमिळनाडूचीच. पण नोकरीनिमित्त हल्ली गेलेल्या कुटुंबाने एक नियम लक्षात ठेवावा: मूल आठवी ते बारावी तमिळनाडूत शिकलं असेल तर अभियांत्रिकीसाठी रहिवासी दाखला लागत नाही, मात्र मूळ दुसऱ्या राज्याचं असेल तर त्याला खुल्या गटातच धरतात. आणि खुल्या गटाला जागा कमी, कारण तिथे आरक्षण ६९ टक्के आहे. जातीचा दाखला, घरातला पहिला पदवीधर असल्याचा दाखला हे सगळं इ-सेवै केंद्रातून आधीच काढून ठेवायचं. पहिल्या पदवीधराला शिक्षण शुल्कात सवलत मिळते आणि कित्येक घरांत कॉलेज होणार की नाही हे त्या सवलतीवरच ठरतं.

उरला अभियांत्रिकीच्या प्रवेशातला पसंतीक्रम. सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं. क्रमांकानुसार मुलांना फेरीत बोलावतात आणि कॉलेज-शाखांची यादी भरायला सांगतात. पुष्कळ अप्पा-अम्मा भीतीपोटी ‘मिळण्यासारखं’ कॉलेज वर टाकतात. तसं करू नये. संगणक मुलाचा नंबर आला की त्याची यादी वरून खाली वाचतो आणि रिकामी असलेली पहिली जागा देतो. चेन्नईचं गिंडी कॉलेज पहिलं लिहिलं आणि मिळालं नाही, तर दुसऱ्या पसंतीची संधी रतीभरही कमी होत नाही. उलट सेंगिपट्टी पहिलं लिहिलं तर तेच मिळेल, गिंडीत जागा शिल्लक असली तरी. म्हणून यादी मनातल्या क्रमाने भरायची आणि लांब भरायची.

जागा दाखवली की उत्तर द्यायला जेमतेम दोन दिवस. उत्तरं अशी: घेतो आणि जातो; घेतो, पण वरची पसंती मोकळी झाली तर ती द्या; ही नको, वरचीच द्या; किंवा पुढच्या फेरीत थांबतो. दुसरा पर्याय घेतला आणि वरची जागा मिळाली तर खालची आपोआप सुटते, परत मागता येत नाही. आणि दोन दिवसांत काहीच कळवलं नाही, तर हातातली जागा जाते.