प्रत्यारोपण: शस्त्रक्रियेच्या आधीचं काम

मुंबईच्या केईएम रुग्णालयात १६ फेब्रुवारी १९६८ रोजी डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं. केपटाउनला डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी केलेल्या जगातल्या पहिल्या प्रत्यारोपणाला तेव्हा जेमतेम अडीच महिने झाले होते. हे धाडस अविचाराने केलेलं नव्हतं. सेन, गजानन परुळकर आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांवर केलेल्या १०० हृदय प्रत्यारोपणांचा अहवाल १९६५ सालीच छापून आला होता. तरीही पहिला रुग्ण अवघे तीन तास जगला आणि १९६८ मधलाच दुसरा रुग्णही वाचला नाही. देशातलं पहिलं यशस्वी हृदय प्रत्यारोपण व्हायला ३ ऑगस्ट १९९४ उजाडला. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी ते केलं.

मधल्या काळात दोन मोठ्या गोष्टी घडल्या. परका अवयव शरीराने झिडकारू नये म्हणून सायक्लोस्पोरिन हे औषध १९८०च्या दशकात वापरात आलं. आणि १९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने मेंदूमृत्यूला मृत्यू मानलं. महाराष्ट्रात हा कायदा ४ फेब्रुवारी १९९५ पासून लागू झाला. त्यामुळे आज काय घडू शकतं, ते एका उदाहरणातून पाहू.

समजा, पुणे-बंगळूर महामार्गावर उंब्रजजवळ दुचाकीस्वाराच्या डोक्याला जबर मार बसला. त्याला कराडच्या मोठ्या रुग्णालयात नेऊन व्हेंटिलेटरवर ठेवलं. कवटी ताणली जात नाही. त्यामुळे मेंदूला सूज आली की आतला दाब वाढतो, रक्तपुरवठा तुटतो आणि शेवटी मेंदूचा देठ, म्हणजे मस्तिष्कस्तंभ, मरतो. श्वासाचं नियंत्रण तिथेच असतं. हृदयाचे ठोके मात्र हृदयातच निर्माण होतात. म्हणून व्हेंटिलेटरवर ऑक्सिजन मिळतो तोवर ते काही काळ चालू राहतं. छाती हलताना दिसते, अंग गरम लागतं, पण माणूस गेलेला असतो. हा मेंदूमृत्यू, कोमा नव्हे. कोमातला रुग्ण परत येऊ शकतो, मेंदूमृत्यूतून कोणी परतत नाही.

हे ठरवायला चार डॉक्टरांचं मंडळ असतं. प्रत्यारोपण करणारा डॉक्टर त्यात असता कामा नये, असा कायदाच आहे. प्रकाश टाकल्यावर बाहुली आकसते का, घशाला स्पर्श केल्यावर ठसका येतो का, हे तपासतात. मग ऑक्सिजन चालू ठेवून व्हेंटिलेटर काढतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढूनही श्वास आला नाही, तर ती निर्णायक खूण. किमान ६ तासांनी सगळ्या चाचण्या पुन्हा करतात.

त्यानंतरच समन्वयक नातेवाइकांशी बोलतो. त्यांनी होकार दिला, तर पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राला कळवलं जातं. सातारा आणि सांगली जिल्हे याच केंद्राकडे येतात. प्रतीक्षायादीतला क्रम, रक्तगट आणि तातडी पाहून केंद्र अवयवांचं वाटप करतं. अपघाताचा गुन्हा असेल तर पोलिसांना कळवणं आणि शवविच्छेदन हेही सोबतच उरकावं लागतं. संमतीनंतरचा अवयव काढण्याचा खर्च दात्याच्या कुटुंबावर पडत नाही.

आता घड्याळ महत्त्वाचं. शरीराबाहेर थंड ठेवलेलं हृदय साधारण ४ ते ६ तास टिकतं, यकृत ८ ते १२ तास, तर मूत्रपिंडं दिवसभराहून अधिक. म्हणून मूत्रपिंडांना उसंत मिळते आणि हृदयासाठी पोलीस रस्ता मोकळा करून देतात. ज्याला अवयव मिळाला, त्याला पुढे आयुष्यभर प्रतिकारशक्ती आवरणारी औषधं घ्यावी लागतात.

सेन यांच्याकडे कसब होतं, संशोधन होतं, हिंमतही होती. नव्हती ती मागची व्यवस्था. आज ती आहे, पण तिचा सगळा डोलारा अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या घरच्यांच्या एका होकारावर उभा आहे. अवयवदानाचा अर्ज भरलेला असला, तरी ऐन वेळी घरच्यांनाच विचारलं जातं, आणि त्या घडीला कोणालाच काही सुचत नाही. म्हणून अर्ज भराच, पण आपली इच्छा आजच घरात स्पष्ट शब्दांत सांगून ठेवा.