शुल्क थोडे, खर्च मोठा : गार्डन रीचमधील पदवीचे अर्थकारण

कोलकात्याच्या नैऋत्य भागात, हुगळीच्या काठी वसलेल्या गार्डन रीच परिसरात बारावी उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यापुढे निरनिराळ्या वाटा असतात. मटियाबुर्जच्या शिवणकारखान्यात कामाला लागणे ही सर्वांत जवळची वाट. अवधचे पदच्युत नवाब वाजिद अली शाह १८५६ मध्ये येथे आले. त्यांच्याबरोबर आलेल्या शिंप्यांशी या व्यवसायाचे नाते सांगितले जाते. दुसरी वाट कलकत्ता विद्यापीठाशी संलग्न असलेल्या हरिमोहन घोष महाविद्यालयासारख्या स्थानिक महाविद्यालयात सामान्य पदवी घेण्याची. तिसरी शेजारच्या तारातला येथील भारतीय सागरी विद्यापीठाच्या संकुलात सागरी अभियंता होण्याची. दोन्ही विद्यापीठे सार्वजनिकच आहेत. मात्र त्यांतील खर्च, साहाय्य आणि मिळकत यांचा हिशेब अगदी वेगळा आहे.

न दिसणारा खर्च

गॅरी बेकर यांनी १९६४ च्या ‘ह्यूमन कॅपिटल’ या ग्रंथात शिक्षणाकडे गुंतवणूक म्हणून पाहण्याची पद्धत रूढ केली. या पद्धतीत खर्चाचे दोन भाग पडतात. शुल्क, पुस्तके, प्रवास हा प्रत्यक्ष खर्च. आणि शिकत असताना जी मजुरी बुडते तो संधी खर्च. दुसऱ्या भागाची पावती कोणी देत नाही, म्हणून धोरणकर्त्यांच्या नजरेतून तो सहज निसटतो. घरातल्या आईवडिलांच्या नजरेतून मात्र तो कधीच निसटत नाही.

उदाहरणादाखल काही आकडे गृहीत धरू. शिवणकामात दरमहा १०,००० रुपये मिळतात आणि सामान्य पदवीचा प्रत्यक्ष खर्च वर्षाला ६,००० रुपये आहे. तीन वर्षांचा प्रत्यक्ष खर्च १८,००० रुपये, तर बुडालेली मजुरी ३,६०,००० रुपये. एकूण ३,७८,००० रुपयांत प्रत्यक्ष खर्चाचा वाटा पाच टक्केही भरत नाही.

पश्चिम बंगालच्या स्वामी विवेकानंद गुणवत्ता-नि-गरज शिष्यवृत्तीत कला शाखेच्या पदवी विद्यार्थ्यासाठी दरमहा १,००० रुपयांचा दर ठरवण्यात आला. तीन वर्षांत होतात ३६,००० रुपये. प्रत्यक्ष खर्चाच्या दुप्पट असूनही ही रक्कम बुडालेल्या मजुरीचा केवळ दहावा हिस्सा भरून काढते. ‘शिक्षण जवळजवळ मोफत आहे, तरी मुले का गळतात?’ या प्रश्नाचे बरेचसे उत्तर येथे आहे.

आता परतावा पाहू. पदवीनंतर १५,००० रुपयांची नोकरी लागली आणि तोवर शिवणकामातील अनुभवी सोबती १२,००० रुपयांवर पोहोचला, असे मानू. पदवीचा लाभ वर्षाला ३६,००० रुपये. शिष्यवृत्ती वजा जाता उरलेला ३,४२,००० रुपयांचा खर्च वसूल व्हायला साडेनऊ वर्षे लागतील. नोकरीसाठी एक वर्ष घरी बसावे लागले, तर आणखी १,४४,००० रुपये बुडतील आणि हा काळ साडेतेरा वर्षांवर जाईल. (व्याज आणि महागाई येथे धरलेली नाही.) ही प्रतीक्षा काल्पनिक नाही. नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणाच्या २०२१-२२ च्या आकडेवारीवरून अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या अहवालाने दाखवून दिले, की पंचविशीच्या आतील पदवीधरांत बेरोजगारीचे प्रमाण ४२ टक्क्यांहून अधिक होते. पस्तिशीनंतर ते पाच टक्क्यांखाली येते. म्हणजे बहुतेकांना काम मिळते, पण उशिरा. आणि गरीब घराला तो उशीरच परवडत नाही.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२३-२४ पासून कलकत्ता विद्यापीठात चार वर्षांचा अभ्यासक्रम आला. तीन वर्षांनी बाहेर पडण्याची मुभा आहे. चौथे वर्ष घ्यावे की नाही, हे ठरवतानाही वरचाच हिशेब मांडावा लागेल.

तारातल्याचा हिशेब

तारातल्याची संस्था १९४९ मध्ये सागरी अभियांत्रिकी प्रशिक्षणाचे सरकारी केंद्र म्हणून सुरू झाली आणि २००८ च्या कायद्याने स्थापन झालेल्या केंद्रीय विद्यापीठात विलीन झाली. येथे शुल्क हाच मोठा खर्च आहे. वर्षाला २,२५,००० रुपये धरले, तर चार वर्षांचे नऊ लाख. पूर्ण रक्कम दरवर्षी कर्जाने उचलली आणि शिक्षणानंतर एक वर्षाची सवलत मिळाली, तर १० टक्के सरळ व्याजाने परतफेड सुरू होण्यापूर्वीच ३,१५,००० रुपये व्याज साचते. पश्चिम बंगालने २०२१ मध्ये सुरू केलेल्या विद्यार्थी क्रेडिट कार्ड योजनेच्या ४ टक्के दराने हेच व्याज १,२६,००० रुपये होते. केंद्राच्या २००९ च्या व्याज अनुदान योजनेत ४.५ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांचे सवलतकाळातील व्याज सरकारने भरले. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेने ८ लाखांपर्यंतच्या उत्पन्नगटाला १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत देऊ केली. मात्र संस्था योजनेच्या यादीत असावी लागते.

जहाजावरील अभियंत्याचे वेतन किनाऱ्यावरच्या सामान्य पदवीधराहून बरेच जास्त असते. त्यामुळे कर्ज फिटू शकते. परंतु वेतन बहुधा कराराच्या महिन्यांपुरतेच मिळते, पदवीनंतर सक्षमता परीक्षा द्यावी लागते, आणि दृष्टिदोष किंवा रंगांधत्व आढळल्यास ही वाटच बंद होते. म्हणून वैद्यकीय तपासणी कर्जाच्या अर्जाआधी व्हावी, हे साधे पथ्य महत्त्वाचे.

साहाय्य कशाला द्यावे?

विद्यापीठांच्या वित्तपुरवठ्यावरील न्या. पुन्नय्या समितीने विद्यापीठांनी आवर्ती खर्चाच्या १५ टक्के आणि पुढे २५ टक्के रक्कम स्वतः उभारावी, असे सुचवले. राष्ट्रीय ज्ञान आयोगाने शुल्कातून किमान २० टक्के खर्च निघावा, असे म्हटले. दोन्ही चर्चा शुल्काभोवतीच फिरल्या. महाराष्ट्राने २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क माफ केले. जेथे शुल्कच भारी आहे तेथे हा उपाय नेमका आहे. कला शाखेच्या मुलीला त्याचा उपयोग नाही. तिला स्वाधार किंवा पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता यांसारख्या जगण्याच्या खर्चाला हात लावणाऱ्या योजना अधिक उपयोगी. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ‘कमवा आणि शिका’ या सूत्रातून बुडणाऱ्या मजुरीचा प्रश्न ओळखला होता, आणि तोही बेकर यांच्या ग्रंथाच्या कितीतरी आधी.

गार्डन रीचमध्ये या सूत्राला जवळची अशी चौथी वाटही आहे : सरकारी मालकीच्या गार्डन रीच शिपबिल्डर्स या जहाजबांधणी कारखान्यातील शिकाऊ उमेदवारी. २०१९ च्या सुधारित नियमांनी बारावी उत्तीर्ण उमेदवाराचे किमान विद्यावेतन ७,००० रुपये ठरवले. वरच्या उदाहरणातील मजुरीपेक्षा ते ३,००० रुपयांनी कमी आहे. म्हणजे शिकण्याचा संधी खर्च दरमहा १०,००० वरून ३,००० रुपयांवर येतो. जागा मात्र मर्यादित असतात.