हौदातले फूल, नदीतली जलपर्णी

मुंबईची राणीबाग १८६२ सालची. लोक तिथे वाघ बघायला जातात. पण झाडाफुलांसाठीही ती पाहावी. अशा बागांच्या हौदांत कमळ, कुमुदिनी लावतात. कमळाचे मोठे पान छत्रीसारखे पाण्यावर उभे असते. कुमुदिनीचे पान पाण्यावरच पसरते; त्याला चीर असते.

जलपर्णीही फिक्या जांभळ्या फुलासाठीच दक्षिण अमेरिकेतून बागांत आली. दिसायला गोड, पण फार द्वाड! देठ भेंडासारखा हलका, म्हणून ती तरंगत पसरते. सांडपाण्यावर पोसते, पंधरवड्यात दुप्पट होते. नांदेडला गोदावरीत तुम्ही ती पाहिली असेल. तिच्याखाली उजेड जात नाही, मासे गुदमरतात.

हौसेने ती तळ्यात टाकू नका. आलीच, तर फुलण्याआधी मुळासकट काढा, काठापासून दूर वाळवा. शेणात कुजवली की खत होते.