गिळणे पुन्हा शिकताना : बायोफीडबॅक म्हणजे काय?

जेवताना ठसका लागला की 'कुणीतरी आठवण काढली' असे म्हणून आपण पाण्याचा पेला पुढे करतो. परंतु लकवा मारलेल्या माणसाला वारंवार ठसका लागत असेल, तर ती धोक्याची सूचना होय. आम्ही बँकेत काम करणारे. वैद्यक हा आमचा विषय नव्हे. तरीही हयातीच्या दाखल्याच्या निमित्ताने लकवा झालेले अनेक वृद्ध आम्ही पाहतो. त्यांना आडवे ठेवूनच चमच्याने पाणी पाजले जाते, हेही पाहतो. म्हणून हा विषय समाजबांधवांपुढे मांडत आहोत.

गिळताना जीभ घास मागे ढकलते, टाळूचा मऊ भाग नाकाची वाट बंद करतो, स्वरयंत्र वर उचलले जाऊन श्वासनलिका झाकली जाते आणि अन्ननलिकेचे तोंड उघडते. घशातले हे काम साधारण एका सेकंदात उरकते. मेंदूला झटका बसला की हा मेळ बिघडतो. अशा रुग्णांपैकी निम्म्याच्या आसपास लोकांना सुरुवातीला गिळण्याचा त्रास होतो. अन्नपाणी श्वासनलिकेत उतरल्यास न्यूमोनिया होऊन प्राणावर बेतू शकते. काहींना तर ठसकाही लागत नाही. म्हणून तपासणी आवश्यक असते.

यावर वाचा-उपचारतज्ज्ञ व्यायाम शिकवतात. जोर लावून गिळणे, गिळताना स्वरयंत्र दोन-तीन सेकंद वरच धरून ठेवणे, हे त्यांपैकी दोन. अडचण अशी की, घशातले स्नायू डोळ्यांना दिसत नाहीत. येथे बायोफीडबॅक उपयोगी पडते. हनुवटीखाली चिकटपट्टीसारखे विद्युतअग्र लावतात. स्नायूंतील सूक्ष्म विद्युतप्रवाह यंत्र टिपते आणि पडद्यावर रेषा वर चढते. रुग्ण लाळ गिळतो, रेषा पाहतो, पुढच्या वेळी ती अधिक वर नेण्याचा प्रयत्न करतो. अमेरिकेत मायकेल क्रॅरी यांनी 1995 साली लकव्याच्या रुग्णांवरील अशा उपचाराचा अनुभव प्रसिद्ध केला होता.

मात्र पासबुकात नोंद केल्याने शिल्लक वाढत नाही, ती फक्त कळते. तसेच हे यंत्र आहे. मेहनत रुग्णालाच करावी लागते. घास योग्य वाटेने गेला की नाही, हेही रेषा सांगत नाही. त्यासाठी बेरियमची क्ष-किरण तपासणी किंवा नाकातून दुर्बीण घालावी लागते. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित आढाव्यात बायोफीडबॅकने गिळतानाची हालचाल सुधारल्याचे दिसले, परंतु नळी लवकर निघते असे सिद्ध झाले नाही.

यंत्र नसले तरी तत्त्व हाताशी आहे. कंठावर बोटे ठेवली की स्वरयंत्र वर उचललेले जाणवते. अर्थात, व्यायाम तज्ज्ञाकडून शिकूनच करावा. नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था येथे रुग्ण नेल्यास 'गिळण्याची तपासणी झाली का?' असे नातेवाइकांनी आवर्जून विचारावे. तपासणीपूर्वी पाण्याचा थेंबही पाजू नये. नंतर डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर ताठ बसवूनच भरवावे, जेवणानंतर अर्धा तास बसवून ठेवावे आणि तोंड स्वच्छ ठेवावे.

विद्यार्थ्यांना एक विनंती. विज्ञान शाखेतून बारावी झाल्यावर वाचा व श्रवण उपचाराची पदवी घेता येते. मुंबईत 1983 साली स्थापन झालेल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत हे शिक्षण मिळते. आपल्या मुलामुलींनी ते घेऊन मराठवाड्यात परत यावे. इथल्या रुग्णांना त्यांची गरज आहे.