हमामाला पाणी सातपुड्याचं

तांब्याचा बंब ज्यांच्या घरात अजून आहे, त्यांना बुऱ्हाणपूरचा हमाम समजावून सांगावा लागत नाही. मधल्या नळकांड्यात जाळ, भोवती पाणी आणि वर धुराला वाट, हीच युक्ती चारशे वर्षांपूर्वी विटा-चुन्यात बांधून काढली की हमाम झाला. फरक एवढाच की बंब फक्त पाणी तापवतो. हमामात जमीन आणि भिंतीही तापत, वाफ घुमटाखाली कोंडून राही आणि नहाणारा थंड दालनातून कोमट आणि कोमटातून गरम दालनात सावकाश सरकत जाई. दिवाळीच्या पहाटे उटणं लावून घाईघाईनं उरकायच्या आंघोळीला तिथं अर्धा दिवस दिलेला असे.

बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे, पण जन्मानं ते खानदेशाचं. फारुकी सुलतानांनी चौदाव्या शतकाच्या अखेरीस तापीकाठी वसवलेल्या या शहराला खुलताबादेत चिरविश्रांती घेणाऱ्या बुऱ्हाणुद्दीन गरीब या सूफी संताचं नाव मिळालं. 1601 मध्ये अकबरानं असीरगड घेतला आणि बुऱ्हाणपूर मोगलांच्या दक्षिणेतल्या कारभाराचं ठाणं बनलं. पुरंदरच्या तहाचे मिर्झाराजे जयसिंह 1667 मध्ये इथंच वारले. संभाजीराजांच्या कारकिर्दीच्या सुरुवातीलाच, 1681 मध्ये मराठी फौजेनं इथल्या बहादूरपुऱ्यावर घातलेला छापा शाळेच्या पुस्तकातून सगळ्यांना ठाऊक आहे. पण या शहराची खरी श्रीमंती पेठांइतकीच जमिनीखालीही होती.

शहरात दोन हमाम पाहावेत. एक बाजारभागातला. त्याच्यावरच्या शिलालेखात हिजरी 1016, म्हणजे 1607-08 हे साल आहे. जहांगीराचं राज्य आणि अब्दुल रहीम खानखानानची सुभेदारी, असा तो काळ. मधोमध अष्टकोनी हौद आहे. दुसरा तापीच्या काठावरच्या शाही किल्ल्यात. किल्ल्याचे मजले ढासळलेत, पण हमामाच्या छतावर वेलबुट्टीचा रंग अजून तग धरून आहे. मान वर करून थोडा वेळ उभं राहिलं की पानं, फुलं आणि नक्षीच्या चौकटी हळूहळू उलगडत जातात. वाफेनं रोज ओल्या होणाऱ्या छतावर कुणी इतकी नाजूक चित्रं काढली आणि ती टिकलीही, याचं श्रेय चुन्याच्या गिलाव्याला आणि तो घोटणाऱ्या हातांना द्यायला हवं.

वाटाडे या छतावर चितारलेली एक इमारत दाखवून ताजमहालाची कल्पना इथूनच निघाल्याचं सांगतात. त्याला आधार नाही. मुमताजचं नाव मात्र या जागेला उगाच चिकटलेलं नाही. शाहजहान 1630 च्या मार्चमध्ये दख्खनच्या मोहिमेसाठी इथं येऊन राहिला. 17 जून 1631 रोजी चौदाव्या बाळंतपणात मुमताज याच शहरात गेली. नदीपलीकडे जैनाबादेच्या आहूखान्याच्या बागेत तिला आधी पुरलं आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिचा देह आग्र्याकडे रवाना झाला.

तीच वर्षं दुष्काळाची. देहूत तुकोबांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, तोच हा दुष्काळ गुजरात, खानदेश आणि दख्खनभर पसरला होता. सुरतेहून आग्र्याला निघालेला इंग्रज व्यापारी पीटर मंडी 1630 च्या अखेरीस या मुलखातून गेला. वाटेवर पडलेली प्रेतं त्यानं लिहून ठेवली आहेत. बादशहानं बुऱ्हाणपुरात लंगर उघडले आणि दर सोमवारी 5,000 रुपये वाटायचा हुकूम दिला, असं दरबारी बखरकार लाहोरी नोंदवतो. हमामाच्या रंगीत छताखाली उभं असताना ही नोंद आठवली की तो रंग वेगळाच दिसू लागतो.

मग दुष्काळातही या शहराला पाणी मिळालं कुठून?

त्यासाठी शहराच्या लालबाग भागाकडे जायचं. मोकळ्या जमिनीवर विहिरींसारखी गोल तोंडं ओळीनं उभी दिसतात, एकामागून एक, साधारण दर वीस मीटरवर. हा कुंडी भंडारा. लोक खूनी भंडाराही म्हणतात. पाण्याला खनिजांमुळे येणाऱ्या तांबूस झाकेवरून ते नाव पडलं, असं काही जण सांगतात, तर काहींच्या मते तो ‘कुंडी’चाच अपभ्रंश. शंभराहून अधिक कुंड्या खालून एकाच बोगद्यानं जोडलेल्या आहेत. एका कुंडीत पाळणा बसवलाय. त्यातून सुमारे 80 फूट खाली उतरलं की वरचं ऊन एकदम संपतं. पायाखाली स्वच्छ, वाहतं पाणी. भिंती पांढऱ्याशुभ्र, जणू संगमरवरात कोरलेल्या. पण तो दगड नाही. पाण्यात विरघळून आलेला चुना शतकानुशतकं थरावर थर साचून तिथं घट्ट झालाय. पुढं पाहिलं की दर थोड्या अंतरावर कुंडीतून उजेडाचा एकेक कवडसा खाली उतरलेला दिसतो.

सातपुड्यावरचा पाऊस पायथ्याच्या गोटे-वाळूच्या थरांत मुरतो आणि जमिनीखालून तापीकडे सरकू लागतो. त्याच्या वाटेत आडवा बोगदा धरायचा आणि त्याला अगदी हलका उतार द्यायचा. बाकीचं काम उतारच करतो. मोट नको, रहाट नको. कुंड्यांतून खणलेली माती वर आली, खाली हवा-उजेड गेला आणि पुढं साफसफाईसाठी उतरायची सोयही झाली. अशा वेगवेगळ्या भंडाऱ्यांच्या आठ जलव्यवस्था होत्या. त्यांतलं पाणी ‘जाळी कारंज’ इथं एकत्र येऊन नळांनी शहरात खेळे.

हे काम 1615 मध्ये, खानखानानच्या काळात झालं, असं सांगतात. इराणातून आलेल्या जाणकाराचं नाव ‘तबकुतुल अर्ज’ होतं, असंही प्रत्येक माहितीफलक सांगतो. इथं थोडं थबकायला हवं. फारसी-अरबीत ‘तबकात-उल-अर्ज’ म्हणजे जमिनीचे थर, भूगर्भविद्या. बहुधा विद्येचं नावच माणसाला चिकटलं आणि माणसाचं नाव जमिनीत मुरून गेलं. इराणातल्या अशाच भूमिगत बोगद्यांना, म्हणजे कनातांना, 2016 मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. आपल्याकडे औरंगाबादेत मलिक अंबरानं आणलेली नहर याच कुळातली.

हमामाचं पाणी असं डोंगरातून गार यायचं आणि शहरात लाकूड जाळून तापायचं. पण त्याच सातपुड्याच्या पायथ्याशी निसर्गानं स्वतःचा हमामही ठेवला आहे.

बुऱ्हाणपूरहून अंकलेश्वरकडे जाणारा रस्ता रावेर, सावदा, फैजपूर, यावल अशी गावं घेत केळीच्या बागांमधून पश्चिमेला जातो. अडावदला उजवीकडे वळून डोंगराच्या कुशीत शिरलं की चोपडा तालुक्यातलं उनपदेव येतं. नावातच ऊन ऐकू येतं. कोकणात गरम झऱ्याला ‘उन्हाळे’ म्हणतात, तशीच ही भाषेची नोंद. गोमुखातून कढत पाण्याची धार अखंड कुंडात पडते. वनवासातल्या रामानं शरभंग ऋषींची व्याधी घालवण्यासाठी बाण मारून हे पाणी काढलं, अशी कथा आहे. त्वचेच्या दुखण्यासाठी आजही माणसं इथं येतात. आजी आधी स्वतःच्या हातावर पाणी घेऊन बघते, थोडं निवू देते, मग नातवाच्या पाठीवर तांब्या रिकामा करते. जवळच सुनपदेव आणि नाझरदेव हे आणखी दोन झरे आहेत. पूर्वेला अमरावती-बैतूलच्या सीमेवर सालबर्डीलाही असंच गरम पाणी निघतं.

ही रांग योगायोगाची नाही. नर्मदा, तापी आणि सोन यांच्या खोऱ्यांतून जमिनीला फार जुनी, खोल भेग गेलेली आहे. पावसाचं काही पाणी या भेगांतून खूप खाली जातं, तिथल्या उष्णतेनं तापतं आणि दुसऱ्या फटीतून वर येतं. खाली ज्वालामुखी धगधगत असायची गरज नाही. एकाच डोंगरावर पडलेला पाऊस उथळ मुरला तर कुंडी भंडाऱ्यात गार निघतो आणि खोल गेला तर उनपदेवसारखा कढत.

काळजी आहे ती उथळ पाण्याची. केळीला पाणी मुबलक लागतं आणि ते कूपनलिकांनी याच पायथ्यातून उपसलं जातं. रावेर-यावलची नावं भूजलाच्या अतिउपशात बरीच वर्षं येतात. शेतकऱ्याला त्यासाठी दोष देणं सोपं आहे. पण या पट्ट्याचं सारं अर्थकारण केळीवर उभं असताना तो एकटा काय करणार? तापीचं पुराचं पाणी याच गोटे-वाळूच्या पट्ट्यात मुरवायच्या महापुनर्भरण योजनेवर मध्य प्रदेश आणि महाराष्ट्रानं मे 2025 मध्ये करार केला. त्याआधी 2024 मध्ये खूनी भंडारा युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेला. दोन्ही बातम्या वेगवेगळ्या पानांवर छापून आल्या. खरं तर त्या एकाच पाण्याच्या आहेत, कारण वरच्या अंगाला पाऊस मुरला तरच वारसा म्हणून मिरवायच्या बोगद्यात पाणी राहील.

हमामातला हौद केव्हाच कोरडा पडलाय. लालबागेत पाळणा वर येतो तेव्हा उतरणाऱ्यांच्या विजारी मात्र घोट्यापर्यंत ओल्या असतात.